गोळ्या चालू असताना किट खरं बोलतं का?

गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत, पण या महिन्यात पाळी आली नाही. गरोदरपण तपासायचं किट केलं, एकच रेघ आली, म्हणजे दिवस गेलेले नाहीत. आता नवीच शंका: ही रेघ गोळ्यांमुळे तर अशी आली नसेल? शरीरात आधीच बाहेरचं हार्मोन जातंय, तर हार्मोन मोजणारी तपासणी चुकणार नाही कशावरून? शंका अगदी रास्त आहे. तरी मेडिकलवाल्याला विचारायची लाज वाटते, घरात विचारायची सोय नसते, आणि मग बाई चार-पाच किट आणून रोज एक करत बसते.

उत्तर आधीच सांगते. माला-डी, माला-एन, डॉक्टरांनी लिहून दिलेली कुठलीही गर्भनिरोधक गोळी, तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ नावाचं इंजेक्शन, हार्मोन असलेली तांबी किंवा आय-पिलसारखी तातडीची गोळी, यांपैकी कशानेही किटचा निकाल बदलत नाही. दिवस गेले नसतील तर या गोळ्यांमुळे दुसरी रेघ उमटत नाही. दिवस गेले असतील तर गोळ्यांमुळे ती पुसलीही जात नाही. गोळ्यांनी बदलतं ते पाळीचं वेळापत्रक. आणि किट कधी करायचं हे आपण पाळीवरूनच ठरवत असल्यामुळे सगळा घोळ होतो तो तारखेचा.

किट लघवीत एकच गोष्ट शोधतं. तिचं नाव एचसीजी. गर्भ पिशवीच्या अस्तरात रुजला की पुढे ज्या पेशींपासून वार तयार होणार असते, त्या पेशी हे हार्मोन बनवू लागतात. आधी रक्तात, मग लघवीत. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याचं प्रमाण साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं. बाजारातली बरीचशी किट मिलिलिटरमागे २५ मिलि-युनिटच्या आसपास एचसीजी असेल तर ते पकडतात. रुजल्याच्या दिवशी ते इतकं नसतं. पाळीची तारीख टळेपर्यंत बहुतेकींच्या लघवीत ते याहून बरंच वर गेलेलं असतं.

पट्टीच्या आत काय घडतं तेही पाहू. लघवीचे थेंब कागदी पट्टीवरून सरकू लागतात. वाटेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. रेघ गुलाबी दिसते ती त्यांच्यामुळे. या कणांना प्रतिपिंडं चिकटवलेली असतात, आणि ती फक्त एचसीजीलाच धरतात. एचसीजी असेल तर ते कणांसकट पुढे वाहत जातं आणि ‘टी’ अक्षरापाशी दुसऱ्या प्रतिपिंडांच्या ओळीत अडकतं. तिथे रेघ उमटते. ‘सी’पाशी मात्र एचसीजी असो वा नसो, रेघ यायलाच हवी. ती आली नाही तर किट बाद, मग ‘टी’वर काहीही दिसो.

एचसीजीच्या कुटुंबात आणखी तीन हार्मोन आहेत. बीज सुटायच्या वेळी वाढणारं एलएच त्यांपैकी एक. हे चौघे दोन-दोन तुकड्यांचे बनलेले असतात, आणि त्यांपैकी एक तुकडा चौघांतही सारखाच. एकाच ताग्यातून चार ब्लाउज शिवले आणि बाह्या तेवढ्या वेगवेगळ्या लावल्या, असंच ते दिसतं. जुन्या तपासण्या कापड बघायच्या आणि एलएचलाच एचसीजी समजायच्या. १९७२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ज्युडिथ व्हायटुकायटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फक्त बाही, म्हणजे बीटा तुकडा, ओळखणारी रक्ततपासणी तयार केली. आजची किट त्याच वाटेने पुढे आली आहेत. डॉक्टर चिठ्ठीवर ‘बीटा एचसीजी’ लिहितात, तो हाच तुकडा.

आता गोळीत काय असतं? माला-डीच्या हार्मोनच्या प्रत्येक गोळीत ०.१५ मिलिग्रॅम लिव्होनॉर्जेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल एस्ट्राडिऑल असतं. आय-पिलमध्ये तेच लिव्होनॉर्जेस्ट्रेल, पण एकाच गोळीत १.५ मिलिग्रॅम. अंतरामध्ये मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन. हे सगळे स्टेरॉइड जातीचे छोटे रेणू आहेत. एचसीजी हे त्यांच्यापुढे कितीतरी मोठं, साखरेच्या साखळ्या लावलेलं प्रथिन. या चौघांच्या कुटुंबाशी गोळीतल्या रेणूंचं नातंच नाही, त्यामुळे प्रतिपिंडं त्यांना धरत नाहीत. आठवड्याला घ्यायची ‘छाया’ तर हार्मोनची गोळीच नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं ते वेगळं औषध आहे. तिनेही किट फसत नाही.

किटवरचा संशय इथे मिटावा. खरा गोंधळ रक्तस्रावाचा आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

माला-डीच्या पाकिटात २१ पांढऱ्या गोळ्या हार्मोनच्या आणि ७ रंगीत गोळ्या लोहाच्या. लोहाच्या आठवड्यात जे अंगावर जातं त्याला आपण पाळी म्हणतो, पण ती नेहमीची पाळी नव्हे. नेहमीच्या महिन्यात बीज सुटतं, गर्भ राहत नाही, शरीराचं स्वतःचं हार्मोन उतरतं आणि अस्तर सुटून येतं. गोळ्यांवर असताना बीज सहसा सुटतच नाही. बाहेरून येणारं हार्मोन सात दिवस थांबतं, म्हणून अस्तर सुटतं. ते अस्तरही पातळ असतं. त्यामुळे काही महिन्यांनी रक्तस्राव कमी होत जातो, कधी नुसते डाग पडतात, एखाद्या महिन्यात काहीच येत नाही. गोळ्या वेळेवर घेतल्या असतील तर यात घाबरण्यासारखं काही नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. लोहाच्या आठवड्यात थोडं लाल दिसलं म्हणजे दिवस गेलेले नाहीत, असं समजू नका. गरोदरपणाच्या पहिल्या आठवड्यांत कित्येकींना डाग जातात. गोळ्या विसरल्या असतील, आणि या वेळचा स्राव नेहमीपेक्षा फारच कमी किंवा वेगळा वाटत असेल, तर स्राव आला तरी किट करावं. मळमळ, छाती दुखणं, पोट फुगल्यासारखं वाटणं यांवर तर मुळीच जाऊ नये. गोळ्या नव्याने सुरू केल्यावर हेच सगळं होतं, आणि दिवस गेल्यावरही हेच होतं.

अंतराचं तर विचारूच नका. तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, आणि वर्षभर घेतल्यावर निम्म्याच्या आसपास बायकांची पाळी बंदच होते. ‘रक्त आत साठतं’ ही भीती गावोगाव ऐकू येते आणि तिच्यामुळे चांगलं चाललेलं इंजेक्शन बंद केलं जातं. आत काहीही साठत नाही. अस्तरच पातळ राहतं, तर बाहेर काय येणार? इंजेक्शनं वेळेवर चालू असतील तर पाळी नाही म्हणून दर महिन्याला किट करायची गरज नाही. पुढचं इंजेक्शन ठरल्या तारखेपेक्षा चार आठवड्यांहून जास्त लांबलं असेल आणि मध्ये संबंध आले असतील, तर मात्र करावं. अंतरा थांबवल्यावर पाळी परतायला वेळ लागतो. शेवटच्या इंजेक्शननंतर गर्भधारणा व्हायला सात ते दहा महिने लागणं नेहमीचंच आहे. या काळात पाळी नाही आणि किटवर एक रेघ, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. फक्त हेही ध्यानात असू द्या की पाळी परतण्याआधी बीज सुटतं, म्हणजे एकही पाळी न येता दिवस जाऊ शकतात.

पाळीचा भरवसा नाही, तर मोजायचं कशावरून? संबंधाच्या तारखेवरून. ज्या संबंधाच्या वेळी संरक्षण नव्हतं किंवा कमी पडलं असेल असं वाटतं, त्या शेवटच्या संबंधानंतर २१ दिवस पूर्ण झाले की किट करावं. हा आकडा हवेतून आलेला नाही. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, त्यामुळे बीज त्यानंतरही भेटू शकतं. बीज फळल्यावर लगेच रुजत नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टिकलेल्या गर्भधारणांपैकी ८४ टक्के बीज सुटल्यानंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजल्या होत्या. त्यानंतर एचसीजी किटला दिसण्याइतकं वाढायला आणखी काही दिवस. हे सगळं जोडलं की तीन आठवड्यांच्या जवळपास जातं. २१ दिवसांनंतर नीट केलेल्या किटवर एकच रेघ आली, तर त्या संबंधातून दिवस गेलेले नाहीत असं धरून चालायला हरकत नाही. पाचव्या किंवा दहाव्या दिवशी आलेल्या एका रेघेला मात्र काहीच अर्थ नसतो. मन शांत व्हावं म्हणून ते किट केलेलं असतं आणि मन तर शांत होत नाही.

या तीन आठवड्यांत गोळ्यांचं काय करायचं? चालू ठेवायच्या. पुष्कळ जणी ‘आत बाळ असलं तर त्याला बाधेल’ या धास्तीने मध्येच बंद करतात, आणि दिवस गेलेले नसतील तर त्या बंद करण्यामुळेच जायची वेळ येते. नकळत गरोदर असताना घेतल्या गेलेल्या आजच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे बाळात व्यंग येत असल्याचं दिसलेलं नाही. दोन रेघा आल्या की थांबवायच्या, तोवर नाही.

गोळ्या विसरण्याबद्दल एवढंच सांगते. सगळ्यात धोक्याचं विसरणं पाकिटाच्या मध्यावर नसतं, नवं पाकीट उशिरा सुरू करणं हे असतं. लोहाचे सात दिवस झाले, पाकीट संपलं, नवं आणायला दोन-तीन दिवस लागले. हार्मोनशिवायचे दिवस सातावरून दहावर गेले आणि तेवढ्यात बीज जागं झालं. म्हणून पुढचं पाकीट आधीच घरात असू द्या. सलग दोन किंवा जास्त गोळ्या चुकल्या तर आठवल्याबरोबर एक घ्या, गोळ्या पुढे चालू ठेवा आणि पुढचे सात दिवस निरोध वापरा. टीबीवरचं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही औषधं गोळीचा जोर कमी करतात. महिनोन्‌महिने टीबीचा कोर्स घेणाऱ्या बाईला हे औषध देतानाच सांगायला हवं, आणि ते फार वेळा राहून जातं. अशा वेळी अंतरा किंवा तांबी हा चांगला पर्याय आहे. नेहमीच्या बहुतेक अँटिबायोटिक्सनी गोळीवर परिणाम होत नाही.

तातडीच्या गोळीनंतर तर पाळीचं गणित हमखास चुकतं. ही गोळी मुख्यतः बीज सुटणं लांबवते, म्हणून संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. बीज सुटायची वेळ अगदी येऊन ठेपली असेल किंवा ते सुटून गेलं असेल, तर ती फारसं काही करू शकत नाही. रुजलेल्या गर्भालाही ती पाडत नाही. गोळीनंतर काही दिवसांत थोडं रक्त आलं की ‘चला, सुटलो’ म्हणून पोरं-पोरी निश्चिंत होतात. तो स्राव गोळीच्या हार्मोनचा असू शकतो. खरी पाळी आठवडाभर अलीकडे किंवा पलीकडे सरकते. ती आठवड्याहून जास्त लांबली तर किट करा, नाहीतर २१ दिवसांचा हिशेब आहेच. आणि गोळी घेतल्यानंतर आलेल्या संबंधांना त्या गोळीचं संरक्षण नसतं. बीज पुढे ढकललं गेलेलं असतं, त्यामुळे पुढचे दिवस उलट जास्त जपायचे असतात.

आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. गौरी-गणपती, वारी, घरातलं लग्न, सत्यनारायण. मेडिकलमधून नॉरएथिस्टेरॉनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या येतात, दिवसाला तीन, पाळीच्या तीन दिवस आधीपासून. पाळीत देवाला शिवू नये हे मला पटत नाही, पण या गोळ्या घेणाऱ्या बाईवर घरातल्या दहा जणांचा दाब असतो. तिला बोल लावण्यापेक्षा तिला नीट माहिती मिळणं मला महत्त्वाचं वाटतं. तर माहिती अशी की अशा रीतीने घेतलेली ही गोळी गर्भनिरोधक म्हणून धरता येत नाही. ‘हार्मोनची गोळी चालूच आहे’ म्हणून त्या दिवसांत निरोध सोडला आणि दिवस गेले, असं होतं. गोळी थांबवल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत पाळी येते. आठवडा उलटूनही आली नाही तर किट करा. नॉरएथिस्टेरॉनही किटच्या निकालात ढवळाढवळ करत नाही. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर ही गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊच नये.

याच्या उलट ‘पाळी आणायची गोळी’. या समजुतीमागे एक कटू इतिहास आहे. किट नव्हती तेव्हा हार्मोनच्या गोळ्या देऊनच गरोदरपणाची तपासणी केली जायची. गोळ्या घेतल्यावर रक्त आलं तर दिवस गेलेले नाहीत, नाही आलं तर गेलेत. ब्रिटनमध्ये प्रायमोडॉस नावाने अशा गोळ्या १९५८ पासून १९७८ पर्यंत विकल्या गेल्या. १९६७ मध्ये डॉ. इझाबेल गाल यांनी त्यांच्यामुळे बाळांत व्यंग येत असावं अशी शंका मांडली. दुष्परिणामांवरचा तो वाद तिथे आजही पेटता आहे. भारतात एस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची अशीच जास्त मात्रेची जोडऔषधं तपासणीसाठी आणि गर्भ पाडण्याच्या आशेने वापरली जात होती. गर्भ त्यांनी पडत नव्हता. १९८० च्या दशकात स्त्री-आरोग्यासाठी काम करणारे गट आणि काही डॉक्टर या औषधांविरुद्ध वर्षानुवर्षं लढले, आणि १९८८ मध्ये त्यांवर बंदी आली. त्या लढणाऱ्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत.

औषध गेलं, पण समज राहिला. पाळी लांबली की आजही चार-पाच दिवसांच्या गोळ्या परस्पर आणल्या जातात, आणि रक्त येतं का याची वाट पाहिली जाते. त्यात आठवडा-दोन आठवडे जातात, आणि दिवस गेले असतील तर तेच आठवडे मोलाचे असतात. पाळी लांबल्यावर आधी किट, मग गरज असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी, हाच क्रम बरोबर.

मग किट फसतं तरी कधी? बहुतेकदा घाईने. त्याखालोखाल पाणी भरपूर पिऊन पातळ झालेल्या लघवीने. म्हणून पहिल्या दिवसांत सकाळची पहिली लघवी घ्यावी. पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच, बहुधा पाच मिनिटांत, निकाल वाचावा. तासाभराने कचऱ्यातून काढून पाहिलेल्या पट्टीवर करडी, बिनरंगाची रेघ दिसते, ती लघवी वाळल्याची खूण असते. वेळेत आलेली गुलाबी रेघ मात्र कितीही फिकी असली तरी रेघच. दोन दिवसांनी पुन्हा करा, गडद झालेली दिसेल. साखर, मीठ, टूथपेस्ट यांत लघवी टाकून काहीही कळत नाही.

गोळ्या नव्हेत, किटला खरोखर फसवणारं औषध एकच, एचसीजीचं इंजेक्शन. मूल होण्यासाठीच्या उपचारात बीज फुटावं म्हणून ते देतात, आणि त्याचा अंश दहा ते चौदा दिवस लघवीत सापडू शकतो. त्या काळातली दुसरी रेघ इंजेक्शनची असते. तसंच गर्भपातानंतर, मग तो आपोआप झालेला असो की गोळ्यांनी, एचसीजी उतरायला तीन-चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. दहाव्या दिवशी किट करून ‘गोळ्यांनी काम केलं नाही’ म्हणून पुन्हा गोळ्या घेणं धोक्याचं आहे. काम झालं की नाही हे डॉक्टर तपासून किंवा सोनोग्राफी करून सांगतील.

एक दुर्मिळ प्रकार पाळी बंद असलेल्यांसाठी सांगते. गरोदरपणाचे दोन-अडीच महिने उलटल्यावर एचसीजी इतकं प्रचंड होतं की काही किटमधली प्रतिपिंडं त्याच्याने भरून जातात आणि रेघ फिकी येते किंवा येतच नाही. गोळ्यांवर किंवा अंतरावर असल्यामुळे उशिरापर्यंत शंकाच आली नाही, पोट जड वाटतंय आणि किट मात्र नाही म्हणतंय, असं असेल तर किटशी वाद घालत बसू नका, सोनोग्राफी करा.

तांबी बसवलेली असताना दोन रेघा आल्या तर थांबू नका, दवाखान्यात जा. तांबीवर दिवस जाणं फार क्वचित, पण गेले तर गर्भ पिशवीऐवजी नळीत राहिलेला असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. किट फक्त एचसीजी आहे एवढंच सांगतं, ते कुठून येतंय हे सांगू शकत नाही. ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीही असेल तर रात्र असली तरी मोठं रुग्णालय गाठा. गर्भ पिशवीत असेल आणि तांबीचे धागे दिसत असतील, तर तांबी लवकर काढून टाकतात. गर्भ ठेवायचा असला तरीही, कारण आत राहिली तर जंतुसंसर्ग आणि गर्भपाताचा धोका वाढतो.

आशाताईकडे आणि उपकेंद्रात ‘निश्चय’ नावाचं सरकारी किट मोफत मिळतं. ते मागायला लग्न झालेलं असायची अट नाही. गर्भ नको असेल, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताचा कायदा नवऱ्याऐवजी ‘जोडीदार’ म्हणतो आणि गर्भनिरोधक साधन फसणं हे २० आठवड्यांपर्यंतच्या गर्भपातासाठी पुरेसं कारण मानतो. १८ वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची लेखी संमती पुरते. नवऱ्याची, सासूची किंवा आईवडिलांची सही लागत नाही, आणि कायद्याने ज्यांना ती माहिती मिळू शकते त्यांच्याशिवाय कोणालाही तिचं नाव सांगणं डॉक्टरांसाठी गुन्हा आहे.